स्वच्छ विद्यालयाचा अर्ज मधल्या सुट्टीत भरा

ऑफिसात बसून हा अर्ज भरू नका, हे मी नव्या मुख्याध्यापकांना सगळ्यात आधी सांगते. प्रश्नावलीची प्रिंट हातात घ्या आणि मधल्या सुट्टीत शाळेभर फिरा. परिपाठाच्या वेळी सगळं चकाचक असतं. पोषण आहाराची ताटं धुऊन झाल्यावर नळाला पाणी उरतं का, साबण जागेवर असतो का, मुतारीत पाय ठेववतो का, हे त्या अर्ध्या तासातच कळतं.

केंद्र सरकारचा स्वच्छ विद्यालय पुरस्कार २०१६ साली सुरू झाला. २०२५-२६ मध्ये तो ‘स्वच्छ एवं हरित विद्यालय रेटिंग’ म्हणून आला. पाणी, शौचालय, साबणाने हात धुणं, देखभाल-दुरुस्ती, सवयी व प्रशिक्षण असे पाच विभाग पूर्वीपासून आहेत. त्यात आता पर्यावरणाचा, म्हणजे मिशन लाइफचा सहावा आला. शाळेने स्वतःच आपलं मूल्यांकन करायचं, फोटो जोडायचे, त्यावरून तारे ठरतात. लॉगिनसाठी ११ अंकी यूडायस कोड, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, लागतो. शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, यूडायस प्लसवर, भरलेली पटसंख्या आणि शौचालयांची संख्या शेजारी उघडून ठेवा. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर पडताळणीत पहिला प्रश्न त्यावरच येणार.

आता शौचालय. साधारण ४० मुलांमागे एक युनिट, म्हणजे एक शौचालय आणि तीन मुताऱ्या, असा निकष आहे. पण मोजताना कुलूप लावलेलं शौचालय धरू नका. ‘पाहुण्यांसाठी’ म्हणून बंद ठेवलेलं शौचालय मुलांच्या काय कामाचं? मुलींच्या बाजूला दाराची कडी आतून लागते का, हे स्वतः लावून पाहा. झाकणाची कचरापेटी आहे का, पॅडची विल्हेवाट कुठे होते, हे सहावी-सातवीच्या मुलींना शिक्षिकेने एकटीने विचारावं. मुली दिवसभर पाणी प्यायचं टाळत असतील तर कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. मला हा विभाग साऱ्या अर्जात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो पुरस्कारासाठी नाही.

हात धुण्यासाठी एका वेळी दहा-बारा मुलं उभी राहतील अशी सोय हवी. भारी स्टेशन नसलं तरी चालतं. छिद्रं पाडलेला पाइप आडवा बांधला, खाली सांडपाण्याची वाट परसबागेकडे काढली, की काम होतं. पहिलीच्या मुलाचा हात पोचेल अशी एक उंची ठेवा. साबण जाळीच्या पिशवीत बांधून टांगा, नाहीतर तो संध्याकाळपर्यंत गटारात जातो.

बऱ्याच शाळा देखभालीत मागे पडतात. बांधकामाला निधी मिळतो, पण फिनेलचा डबा आणायला कोणी पुढे येत नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. निकषानुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५ हजार, म्हणजे त्यातले अडीच हजार झाडू, ब्रश, साबण, नळाच्या तोट्यांसाठी हक्काचे. सफाईची माणसं, टाकी धुण्याच्या तारखा आणि पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा हिशेब एका वहीत रोजच्या रोज लिहा. अर्जाच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली वही पाहणाऱ्याला लगेच ओळखू येते. आणि सफाईचं काम ठरावीक मुलांवर, त्यातही मुलींवर, टाकू नका.

हरित विभागासाठी वेगळा खटाटोप नको. परसबाग, शोषखड्डा, ओला-सुका कचरा, यांतलं जे खरोखर चालू आहे तेवढंच दाखवा.

फोटो फिरतानाच काढा. सजवलेल्या रिकाम्या शौचालयापेक्षा वाहता नळ आणि हात धुणारी मुलं दिसू द्या. मुलांचे चेहरे मात्र टाळा.

जिथे उत्तर ‘नाही’ आहे तिथे ‘नाही’च लिहा आणि त्याच मुद्द्यांची यादी शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवा. दुरुस्तीसाठी ग्रामपंचायतीकडे द्यायचं पत्रही त्या ठरावासोबतच तयार होतं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पोर्टल फार हळू चालतं, म्हणून चार-पाच दिवस आधी सबमिट करा. मग प्रिंट, ठरावाची प्रत आणि खर्चाची व्हाउचरं एकाच फाइलला लावा. पडताळणीला येणारे तीच फाइल मागतात.