झिंकची चौदावी गोळी

पुण्यात पावसाने जोर धरला, की हडपसर-धायरीकडच्या दवाखान्यांत जुलाब झालेल्या मुलांची गर्दी वाढते. या मुलांना ओआरएससोबत (पाण्यात कालवून पाजायची क्षार-साखरेची पूड) झिंक द्यावे, हे आपण सगळेच डॉक्टर जाणतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीतील ९३७ मुलांवरच्या चाचणीत झिंकमुळे जुलाब लवकर थांबत असल्याचे दिसले, आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ओआरएससोबत झिंक देण्याची संयुक्त शिफारस केली. तरीही ठरल्याप्रमाणे चौदाव्या दिवसापर्यंत झिंकची गोळी घेणारे मूल माझ्या ओपीडीत क्वचितच आढळते. म्हणून नवे शोधनिबंध वाचण्याआधी, हाती असलेले ज्ञान वाटेत नेमके कुठे गळते, ते शोधावे.

त्यासाठी जुलाबाचे मागचे तीस केसपेपर काढावेत आणि प्रत्येकावर ओआरएस, झिंक व प्रतिजैविक यांपैकी काय लिहिले आहे, एवढेच पाहावे. हे काम सिस्टरवर सोपवू नये. शौचातून रक्त जात नसताना, दुसरे काही कारणही नसताना लिहिलेले प्रतिजैविक आपल्याच अक्षरात वाचावे लागते, तेव्हाच ते बोचते. (माझ्या कागदांत अशी किती निघाली, हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही.)

संशोधन आपल्या रुग्णाला लागू पडते का, हेही पाहावे. सहा महिन्यांवरील मुलांत, त्यातही कुपोषित मुलांत, झिंकचा उपयोग दिसला आहे; त्याहून लहान बाळांत तो तसा दिसलेला नाही. शिवाय झिंकने उलटी होऊ शकते. हे आईला आधीच सांगितले नाही, तर पहिल्या उलटीलाच गोळ्या बंद होतात.

खरी गळती मात्र घरी होते. आईच्या हातात ओआरएसचे पाकीट देऊन, "ताई, हे किती पाण्यात कालवणार?" असे विचारावे. "पेलाभर" असे उत्तर आले, तर थांबावे. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान २०० मिलिलिटरसाठी; मोठे पाकीट पेल्यात कालवले, तर द्रावण फार खारट होऊन मुलाच्या रक्तातील सोडियम धोकादायक वाढू शकते. टेबलावर लिटरची रिकामी बाटली ठेवावी आणि पाणी कुठवर भरायचे, ते आईलाच बोट लावून दाखवू द्यावे. मला याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

सहा महिन्यांवरील मुलाला झिंक रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस द्यायचे असते. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब थांबले, की उरलेल्या गोळ्या फडताळात जातात. पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा होण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून या गोळ्या आहेत, हे सांगावे आणि शेवटच्या गोळीची तारीख पट्टीवर पेनाने लिहावी. पट्टी दहा गोळ्यांची असेल, तर कमी पडणाऱ्या चार गोळ्याही त्याच वेळी आईकडे देऊन ठेवाव्यात.

एका वेळी एकच बदल करावा आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीस केसपेपर काढावेत. गोळ्या पुऱ्या झाल्या का, हे कागदावर दिसत नाही, म्हणून त्या घरांना फोनही करावा. आकडा हलला नसेल, तर नंबर लावणाऱ्या मावशींना विचारावे; कारण डॉक्टरांसमोर मान डोलावलेली आई बाहेर आल्यावर त्यांनाच विचारते, "गोळी खरंच एवढे दिवस द्यायची का हो?"