पगाराची फाईल बँकेत पाठवण्याआधी
पगाराच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाईल) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका राव, खाते नंबर १५ आकड्यांच्या वर गेला की पुढचे आकडे शून्य होतात, सुरुवातीचं शून्य तर गायबच, आणि एनईएफटीत पैसे नंबर बघूनच जमा होतात, नाव बघून नाही. बघायचीच तर नोटपॅडमध्ये बघा.

खरा धोका शेअर्ड फोल्डरमध्ये, तिथे कोणीही गुपचूप एखादा नंबर बदलू शकतो. म्हणून फाईल बनली की लगेच सेव्हन-झिपने (फाईल झिप करायचं सॉफ्टवेअर) एईएस-२५६ एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डचं कुलूप, लावून लॉक करा, पासवर्ड फाईलच्याच मेलमध्ये नको (ही चूक सगळेच करतात!), फोनवर सांगा. अपलोड करणारा आणि अप्रूव्ह करणारा वेगळा हवा, आणि अप्रूव्ह करणाऱ्याने नुसती टोटल नाही, थोडे खाते नंबरही मूळ रजिस्टरशी ताडायचे. डाउनलोड्समधली कॉपी शेवटी उडवा.