स्कूलबसवर मेकॅनिक म्हणून लागायचंय? मग कागद आत्तापासून जमवा बावा

पहिले एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, कारण दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पोट्टा फोन करून विचारतेच, भाऊ स्कूलबस मेकॅनिकचं लायसन कुठून निघते. नाही निघत राजा, असं लायसन आपल्याकडे नाहीच. आरटीओ गाडीला फिटनेस देते अन् ड्रायव्हरला लायसन देते, मेकॅनिकचं काही रजिस्टर तिथं नाही. त्यामुळे फोरमन अन् शाळेची परिवहन समिती तुमच्याकडून जे मागते ते म्हणजे चार-पाच वेगवेगळ्या कागदांचा गठ्ठा, आणि त्यातला एकेक कागद निघायला महिना-महिना जाते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बसची कामं एप्रिल-मेमध्ये निघतात, माणसंही तेव्हाच घेतात, म्हणून मी तर म्हणतो संक्रांत झाली की फाईल उघडा.

शिक्षणाचं बघा आधी. आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा 2 वर्षांचा ट्रेड सगळ्यात चालते, मेकॅनिक डिझेल 1 वर्षाचा आहे तोही चालते, दोन्हीला दहावी पास पाहिजे. नागपूरच्या श्रद्धानंदपेठेतल्या सरकारी आयटीआयमधून केलं असंल तर उत्तमच, पण खासगीतून केलं तरी एनसीव्हीटीचं, म्हणजे केंद्राच्या व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं, सर्टिफिकेट आहे ना एवढं पाहा. त्यावर अप्रेंटिसशिप केली असंल तर एनएसीचा, म्हणजे अप्रेंटिसशिप पूर्ण केल्याचा, कागद वेगळा ठेवा, आणि ज्यांना अजून करायची आहे त्यांनी एसटीची वाट धरा, हिंगण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, महाराष्ट्रात असल्या तीनच, दुसऱ्या दोन दापोडी अन् चिकलठाण्याला. मोठ्या बसवर हात बसायला त्याच्यासारखी जागा नाही. आणि जो दहा वर्षं गॅरेजमध्ये हात काळे करून राहिला पण कागद एकही नाही, त्यानं आरपीएल करून घ्यावं, म्हणजे येत असलेल्या कामाची परीक्षा देऊन सर्टिफिकेट, ऑटोमोटिव्ह स्किल कौन्सिलचं. आयटीआयची बरोबरी नाही होत त्याची, पण रिकाम्या हातापेक्षा बरं.

आता नावाचं. दहावीची मार्कशीट, आधार, आयटीआय सर्टिफिकेट, लायसन हे चारही कागद टेबलावर ओळीनं ठेवा आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. हसू नका, माझ्या सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होतं, मला सात वर्षं दिसलं नाही, अन् एका मोठ्या शाळेच्या क्लार्कला पाच सेकंदांत दिसलं. दुरुस्ती होऊन येईपर्यंत ती जागा दुसऱ्यानं भरली.

लायसनवर थोडा जास्त बोलतो कारण इथंच सगळे फसतात. मेकॅनिकला कायले लायसन, असं वाटते ना? अरे, ब्रेक बांधल्यावर ट्रायल कोण घेणार? ड्रायव्हर जेवायला गेलेला असते आणि तुम्हीच गाडी काढून रिंग रोडपर्यंत जाऊन येता, तेवढ्यात कोणाला धक्का लागला की योग्य लायसन नाही म्हणून विम्याचं प्रकरण अडकते. छोट्या व्हॅनला साधं फोरव्हीलरचं लायसन पुरते, कारण 7500 किलोपर्यंतच्या ट्रान्सपोर्ट गाडीला वेगळी नोंद लागत नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये सांगून टाकलं आहे. चाळीस सीटच्या बसला मात्र ते पुरत नाही, तिथं हेवीचंच लागते. त्याला वय 20 पूर्ण, फोरव्हीलरचं लायसन काढून वर्ष झालेलं, डॉक्टरचा फॉर्म 1-ए, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5, आणि लर्निंग निघाल्यावर टेस्टसाठी 30 दिवसांची वाट. पत्ता नागपूर शहरातला असंल तर एमएच 31चं आरटीओ, पूर्व नागपूरला 49, ग्रामीणला 40, चुकीच्या ऑफिसात रांग लावून दिवस घालवू नका. शाळेच्या पोरांना घेऊन बस चालवायची परवानगी मात्र यानं मिळत नाही हां, स्कूलबसच्या ड्रायव्हरला 5 वर्षांचा अनुभव लागते, तुम्ही फक्त रिकामी गाडी फिरवायची.

पोलिस पडताळणीचा दाखला लगेच अर्ज करून ठेवा, लेकरांच्या आवारात काम आहे, त्यावर वाद घालू नये. जुन्या मालकाचं अनुभवपत्र लेटरहेडवर, तारखांसकट. झालं.

कागद झाले की हात. अमेरिकेत स्कूलबस मेकॅनिकची सात वेगवेगळ्या विषयांची परीक्षा असते, बॉडी, डिझेल इंजिन, ड्राइव्ह ट्रेन, ब्रेक, सस्पेन्शन-स्टिअरिंग, इलेक्ट्रिकल अन् एसी. आपल्याकडे तशी नाही पण मी नवीन माणसाला याच सातांत तपासतो. सगळ्यात आधी एअर ब्रेक. इंजिन सुरू करून टाकी भरू देतो, बंद करतो, आणि गेजकडे बघत बस म्हणतो. काटा खाली सरकला तर कुठून? चांगला पोट्टा साबणाच्या पाण्याचा मग अन् ब्रश घेऊन पाइपच्या जोडावर, ब्रेक चेंबरवर लावत जाते, बुडबुडा दिसला तिथं थांबते. कच्चा पोट्टा सरळ पान्हा उचलते. बीएस 6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या गाड्या आल्यापासून युरियाची टाकी अन् डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) लाइट समजणंही लागते, स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचता आला पाहिजे, नुसता इरेज करून दाखवला तर मी तिथंच नाव काटतो.

2011 चे महाराष्ट्राचे स्कूलबसचे नियम एकदा तरी वाचून जा, मराठीत मिळते. इमर्जन्सी दार आतून-बाहेरून उघडते का, अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का, खिडकीच्या आडव्या दांड्या ढिल्या आहेत का, हे मेकॅनिकनंच पाहायचं असते. गाडीचा वेग बांधून ठेवणाऱ्या स्पीड गव्हर्नरच्या सीलला हात लावायचा नाही, ड्रायव्हर चहा पाजून कितीही म्हणू दे.

मुलाखतीच्या दिवशी मूळ कागद प्लास्टिक फोल्डरमध्ये, झेरॉक्सचे दोन सेट, चार फोटो. आणि बूट घालून जा बे, चप्पल नाही, पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, उतरायला लावतात.