घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस कसा निवडावा

अँटीव्हायरस घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो, ‘कोणता चांगला?’ पण त्याआधी आपल्या संगणकात आत्ता काय चालू आहे ते बघा. अनेकदा तिथेच अर्धं काम होतं.

विंडोज १० किंवा ११ असेल तर स्टार्ट मेन्यूत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर क्लिक करा. दुसऱ्या एखाद्या कंपनीचा अँटीव्हायरस काम करत असेल तर त्याचं नाव तिथे दिसतं. नसेल, तर विंडोजसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर काम करत असतो. शेवटचा अपडेट कधी आला, शेवटचं स्कॅन कधी झालं, तेही तिथेच कळतं.

माझ्या मामांच्या लॅपटॉपवर हे पान उघडलं तेव्हा मला धक्का बसला. लॅपटॉपसोबत आलेल्या अँटीव्हायरसची चाचणीची मुदत संपून सात महिने झाले होते. खालच्या कोपऱ्यातला आयकॉन मात्र जागच्या जागी होता, त्यामुळे मामा निर्धास्त. ‘अरे, आहे की अँटीव्हायरस!’ नूतनीकरणाची चौकट रोज यायची आणि ते ती रोज न वाचता बंद करायचे. आम्ही तो प्रोग्राम काढून टाकला, संगणक पुन्हा सुरू केला आणि डिफेंडर आपोआप चालू झाला. दहा मिनिटांचं काम होतं. पण सात महिने त्याच लॅपटॉपवरून मामांचे बँकेचे व्यवहार चालले होते, हे मला अजूनही बोचतं.

विकतचा हवाच का?

बहुतेक घरांना नको, असं माझं स्पष्ट मत आहे. डिफेंडर २०१२ च्या विंडोज ८ पासून सोबतच येतो. सुरुवातीच्या काळात तो चाचण्यांमध्ये मागे पडायचा, पण आता नामवंत विकतच्या उत्पादनांच्या बरोबरीने गुण मिळवतो. तो फुकट आहे, मुदत संपण्याची भानगड नाही आणि ‘प्रीमियम घ्या’ म्हणून मागे लागत नाही. मॅकमध्येही एक्सप्रोटेक्ट नावाची ओळखीचे व्हायरस पकडणारी सोय आधीपासून असते.

विकतचा घेण्याला अर्थ आहे तो काही ठरावीक कारणांसाठी: घरात चार-पाच उपकरणं आहेत आणि सगळ्यांवर एकाच ठिकाणाहून लक्ष ठेवायचंय, मुलांच्या वापरावर मर्यादा घालायच्यात, किंवा अडचण आली तर फोनवर बोलायला माणूस हवाय. यातलं एखादं कारण तुम्हाला लागू असेल तर पुढे जा.

एका बाबतीत मात्र कोणताही अँटीव्हायरस पुरा पडत नाही. ऑपरेटिंग सिस्टमलाच भोक असेल तर ते कंपनीच्या सुरक्षा अपडेटनेच बुजतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातले संगणक कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता, ते सापडले. विंडोज १० चं नियमित समर्थन, म्हणजे असे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आहे. संगणक जुना असेल तर अँटीव्हायरसच्या आधी याचा विचार करा.

निवडताना काय बघायचं

‘सर्वोत्तम दहा अँटीव्हायरस’ छापाच्या याद्यांवर विसंबू नका. त्यातल्या कित्येक याद्यांना तुमच्या खरेदीतून कमिशन मिळतं. स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल बघा: जर्मनीतली एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज, लंडनची एसई लॅब्ज. निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचता येतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण देते. नुसती बेरीज बघू नका. संगणक जुना असेल तर वेगाचे गुण वेगळे काढून वाचा. वापरसुलभतेत मुख्यतः खोटे इशारे मोजले जातात. हा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण चांगल्या फायलींवरही सारखा ओरडणारा अँटीव्हायरस माणसं शेवटी बंदच करून टाकतात. आणि एकाच फेरीवर जाऊ नका. वर्षभरातल्या तीन-चार फेऱ्यांत जो टिकून राहतो, तो खरा.

मग प्रश्न विश्वासाचा. अँटीव्हायरसला तुमची प्रत्येक फाइल वाचता येते. कित्येक अँटीव्हायरस तुम्ही उघडता ते प्रत्येक संकेतस्थळही तपासतात. इतके अधिकार आपण दुसऱ्या क्वचितच एखाद्या प्रोग्रामला देतो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्ट या अँटीव्हायरस बनवणाऱ्या कंपनीवर कारवाई केली. लोकांच्या ब्राउझिंगची माहिती गोळा करून उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. लोकांनी ते सॉफ्टवेअर संरक्षणासाठी बसवलं होतं, म्हणून मला ही गोष्ट जास्त गंभीर वाटते. त्यामुळे कोणताही अँटीव्हायरस बसवलात की पहिल्याच दिवशी सेटिंगमधलं ‘प्रायव्हसी’चं पान उघडा आणि माहिती इतरांना देण्याची परवानगी काढून घ्या.

पैशांच्या बाबतीत पहिल्या वर्षाची किंमत बघून भुलू नका. दुसऱ्या वर्षीचा आकडा बऱ्याचदा कितीतरी जास्त असतो आणि तो कार्डावरून आपोआप कापला जातो. खरेदीच्या दिवशीच स्वयंचलित नूतनीकरण बंद करा आणि मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. सोबत मिळणारे रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर वगैरे डोळ्यांआड करा. त्यांच्यासाठी जादा पैसे मोजण्यासारखं त्यात काही नाही.

बसवताना

सतत पहारा देणारा अँटीव्हायरस एकच ठेवा. दोन असले की एकमेकांच्या कामावर संशय घेतात आणि संगणक रेंगाळतो. नवा टाकण्याआधी जुना काढा. नेहमीच्या पद्धतीने निघत नसेल तर बऱ्याच कंपन्या त्यासाठी वेगळं रिमूव्हल टूल देतात. नवा अँटीव्हायरस कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या, शोधनिकालात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको.

आणि ब्राउझरमध्ये अचानक अख्खा पडदा लाल होऊन ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा’ असं आलं, भोंगा वाजू लागला, तर घाबरू नका. उघडलेल्या पानाला तुमची डिस्क स्कॅन करता येत नाही, ते सगळं चित्र आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यातून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू का असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. तो नंबर लावायचा नाही आणि कुणी सांगितलं तरी दूरस्थ ताबा देणारं ॲप टाकायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे चित्र एकदा मुद्दाम दाखवून ठेवा.

सगळं झालं की बसवलेला अँटीव्हायरस खरंच जागा आहे का ते तपासा. यासाठी आयकार नावाची चाचणी फाइल असते. ती म्हणजे ६८ अक्षरांची एक ओळ. तिच्यात व्हायरस नाही, पण ती दिसली की इशारा द्यायचा असं अँटीव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसात ठरवलेलं आहे. आयकार संस्थेच्या संकेतस्थळावरून ती उतरवायचा प्रयत्न करा. काही सेकंदांत इशारा यायला हवा आणि फाइल अडवली किंवा हटवली जायला हवी. काहीच झालं नाही, फाइल डाउनलोड्समध्ये निवांत पडून राहिली, तर पुन्हा पहिल्या पानावर या: विंडोज सिक्युरिटी उघडा आणि रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे सततचा पहारा, चालू आहे का ते बघा.