काला गोलोरित्झे : सार्डिनियातील एका दुर्गम पुळणीपर्यंत पायी कसे जावे

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, बाउनेई या डोंगरी गावाच्या हद्दीत, काला गोलोरित्झे नावाची एक लहानशी पुळण चुनखडीच्या उंच कड्यांच्या पायथ्याशी आहे. तिथपर्यंत गाडीरस्ता नाही, प्रवासी बोटींना तिथे माणसे उतरवता येत नाहीत आणि किनाऱ्यावर हॉटेल, टपरी किंवा पाण्याचा नळ यांपैकी काहीही नाही. जमिनीवरून जायचे असेल तर गोल्गो पठारावरून सुमारे साडेतीन किलोमीटर उतरणारी पायवाट हाच सरळ मार्ग आहे.

या भेटीची आखणी करताना परतीच्या चढापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सह्याद्रीतल्या गडांवर जाणाऱ्यांना आधी चढण आणि मग उतार हा क्रम अंगवळणी पडलेला असतो. दमलो तरी घरची वाट उताराची आहे, हा भरवसा मनात असतो. इथे सगळे उलटे आहे. सकाळी ताज्या पायांनी माणूस तास-सव्वा तासात खाली पोहोचतो, दिवसभर उन्हात आणि खाऱ्या पाण्यात राहतो, आणि अंगातले त्राण कमी झालेले असताना त्याला समुद्रसपाटीपासून साधारण 470 मीटर वर चढायचे असते. त्यासाठी दीड ते दोन तास हाताशी ठेवावेत. सोबत लहान मुले किंवा गुडघेदुखी असलेले वडीलधारे असतील तर त्याहून अधिक. किती वाजता निघायचे, पाणी किती घ्यायचे आणि पाठीवर किती ओझे न्यायचे, हे सर्व या चढावरून ठरवावे.

जाण्याआधी नावनोंदणी करणे आवश्यक आहे. हंगामात दिवसाला जास्तीत जास्त 250 माणसांनाच या वाटेने खाली सोडले जाते. ‘हार्ट ऑफ सार्डिनिया’ या मोबाइल ॲपवर नाव नोंदवता येते आणि माणशी 7 युरोंच्या आसपास शुल्क भरावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये जागा फार लवकर भरतात, त्यामुळे विमानाची तिकिटे काढली म्हणजे सगळी सोय झाली, असे समजू नये. शुल्क, वेळा आणि नियम हंगामागणिक बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी ते पुन्हा एकदा पाहून घ्यावेत. ही संख्यामर्यादा काहींना जाचक वाटते, पण मला ती अगदी रास्त वाटते, कारण पुळण इतकी चिंचोळी आहे की हजारभर माणसे उतरली तर तिथे पाय ठेवायला जागा उरणार नाही.

ओल्बिया किंवा काल्यारी या विमानतळांवरून भाड्याची गाडी घेऊन येणे सर्वांत सोयीचे पडते. दोन्हीकडून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना न्यावा आणि तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, याची सवय सपाट रस्त्यावरच करून घ्यावी. मुक्काम बाउनेईत किंवा खाली समुद्राकाठच्या सांता मारिया नवार्रेझे या गावात करता येतो. बाउनेईतून गोल्गो पठारावर जाणारा रस्ता सुरुवातीलाच तीव्र वळणांनी चढतो. पठारावर गायी, शेळ्या आणि डुकरे मोकळी फिरत असतात, म्हणून वेग कमी ठेवावा आणि त्यांना खायला घालू नये. सू पोर्तेद्दू येथे वाहनतळ आहे. पायवाट तिथूनच सुरू होते.

वाट सुरुवातीला थोडी चढते आणि मग घळीत शिरून उतरू लागते. दोर किंवा शिडीची गरज कुठेही लागत नाही, मात्र पायाखाली जवळजवळ सगळीकडे सुटे दगड आहेत, आणि असंख्य पावलांनी घासून गुळगुळीत झालेली चुनखडी कोरडी असतानाही घसरते. चपला आणि सपाट तळाचे सँडल वापरू नयेत. खाचदार तळाचे बंद बूटच घालावेत. मधल्या टप्प्यात जुन्या ओक आणि जुनिपर वृक्षांची सावली मिळते. खडकाच्या आडोशाला जुनिपरचे वाकडे ओंडके रचून बांधलेली मेंढपाळांची जुनी खोपटी वाटेत दिसतात. त्यांची छायाचित्रे जरूर घ्यावीत, पण लाकडांवर चढू नये. पुढे घळ उघडते आणि 143 मीटर उंचीचा सुळका समोर येतो. सुळक्यावर बहुतेक वेळा गिर्यारोहक असतात, त्यामुळे त्याच्या पायथ्याशी रेंगाळू नये.

या साऱ्या वाटेवर पाण्याचा एकही ओढा लागत नाही, याचे कारण इथल्या खडकात आहे. पठारावर पडणारा पाऊस चुनखडीच्या भेगांमधून आत मुरतो, भुयारांतून वाहतो आणि थेट समुद्रकाठी, पुळणीच्या गोट्यांखालून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. काठालगत पोहताना अचानक पायांना गारठा जाणवतो आणि पाण्यात बुडालेले आपलेच हात क्षणभर धूसर दिसू लागतात, कारण तिथे गोडे आणि खारे पाणी एकमेकांत मिसळत असते. हा अनुभव विलक्षण आहे. मात्र ते पाणी पिण्यासाठी नाही. माणशी किमान दोन लिटर आणि कडक उन्हाळ्यात तीन लिटर पाणी वरूनच न्यावे, आणि त्यातले निम्मे परतीसाठी बाजूला काढून ठेवावे.

सध्याची पुळण 1962 साली दरड कोसळून तयार झाली. कड्यावरून आजही दगड सुटू शकतात, म्हणून भिंतीला टेकून बसण्याचा मोह टाळावा. किनारा वाळूचा नसून पांढऱ्या गोट्यांचा आहे. पातळ सतरंजीपेक्षा जाड चटई उपयोगी पडते. मुख्य म्हणजे तळ लवकर खोल होत जातो आणि किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असे गृहीत धरता येत नाही. पोहता न येणाऱ्यांनी गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नये. आपल्याकडच्या समुद्राइतकी भरती-ओहोटी भूमध्य समुद्रात नसते आणि पाणी आरपार दिसते, त्यामुळे खोलीचा अंदाज हमखास चुकतो. पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून वारा असेल तर लाटा थेट आत येतात; अशा दिवशी पोहण्याचा बेत रद्द करावा.

पुळण पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे सकाळचे ऊन पाण्यावर सरळ पडते आणि दुपारनंतर कड्याची सावली काठावर सरकू लागते. पाण्याचा निळा-हिरवा रंग पाहायचा असेल तर सकाळीच पोहोचावे. माझ्या मते जून आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत योग्य आहेत. सप्टेंबरात समुद्र अधिक कोमट असतो आणि चढताना ऊनही सोसवते. खाण्यासाठी ‘पाने कारासाऊ’ नावाची इथली पापडासारखी पातळ, कुरकुरीत भाकरी आणि मेंढीच्या दुधाचे चीज न्यावे. उन्हात दोन्ही टिकतात. बटाटा, चीज आणि पुदिन्याचे सारण भरलेले कुलुर्जोनेस मात्र रात्री गावात गरमच खावेत; शाकाहारी मंडळींनी त्यात प्राण्याची चरबी आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

कचरा, फळांच्या साली आणि बियांसह, परत वर आणावा. तंबू, शेकोटी आणि रात्रीचा मुक्काम यांना मनाई आहे. आठवण म्हणून एकही गोटा खिशात घालू नये: 2017 च्या प्रादेशिक कायद्यानुसार सार्डिनियाच्या किनाऱ्यावरून वाळू, गोटे किंवा शिंपले नेल्यास 500 ते 3000 युरो दंड होऊ शकतो, आणि विमानतळावर सामानाची तपासणीही होते. दंड नसता तरी ज्या किनाऱ्यावर रोज माणसे येतात तिथून प्रत्येकाने एकेक गोटा नेणे परवडणारे नाही.

कड्याकडेने उत्तरेला पुढच्या पुळणीपर्यंत जाता येईल, असे नकाशावर वाटते. त्या मार्गावर दोराने उतरावे लागते, तेव्हा तो प्रयोग करू नये. घळीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि आपत्काळासाठी 112 हा क्रमांक लक्षात ठेवावा. दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास अंगावरचे मीठ पुसून, कोरडे मोजे घालून चढायला लागावे. सकाळी लागलेल्या वेळेवरून चढाचा अंदाज बांधू नये. गाडीत एक जादा पाण्याची बाटली ठेवून द्यावी आणि पठारावरची वळणे अंधार पडण्यापूर्वी उतरावीत, कारण संध्याकाळी गुरे रस्त्यावरच बसलेली असतात.