शेताचा इंग्रजी अंमलातला इतिहास कागदांतून कसा काढायचा

सातबाऱ्यावरच्या गट नंबरावरून फार मागे जाता येत नाही. आधी जुना सर्व्हे नंबर काढा. एकत्रीकरण (तुकडे जोडून गट पाडणं) झालेल्या गावात तो त्या योजनेच्या ‘नऊ-तीन नऊ-चार’च्या उताऱ्यावर सापडतो. भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात अर्ज द्या. मी मोजणी खात्यात नोकरी केली. निम्मे लोक याच टेबलावरून कंटाळून परत जायचे.

नंबर मिळाला की टिपण (शेताच्या मापांचा कच्चा नकाशा) आणि प्रतबंदीचं (मातीची प्रत ठरवल्याचं) बुक मागा. टिपणात मापं साखळी-आण्यांत असतात: साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, आणि साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा. खरी मजा प्रतबंदीत आहे. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात खणून पाहिलेलं असतं. पावणेदोन हात खोल चांगली काळी माती असेल तर प्रत पूर्ण, म्हणजे 16 आणे. चुनखड, रेती, उतार, पाणथळ असा एकेक दोष निघाला की प्रत एक पायरी खाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापुरात ही पद्धत बसवली. त्याआधीच्या प्रिंगलच्या मोजणीत सारा इतका चढा लागला की रयत जमिनी टाकून गेली होती.

या प्रतीवरून ठरलेला आकार, म्हणजे सारा, साधारण 30 वर्षांसाठी बांधला जाई, तोही एकेका नंबरावर, खातेदाराच्या नावानं. तुमचं घराणं त्याआधी मिरासदार (जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेलं) होतं की उपरी (तसा हक्क नसलेलं), हे या कागदांत शोधू नका. भाऊकीचं थळ (सामाईक जमीन), मिरासीचा मान, गावानं मिळून भरायचा सारा, सगळं नव्या मोजणीत एका सपाट यादीत आलं. त्या जुन्या हक्कांसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तिथे थळझाडा (गावातल्या थळांची यादी), मिरासपत्र विचारा आणि मोडी वाचणारा माणूस सोबत न्या.

नाव आणि नंबर पक्का झाला, तशी जमीन सावकाराला तारण म्हणून चालू लागली. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीनच वर्षं दिली. मग दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवं खत. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस तेजीत होता तोवर निभावलं, पुढे भाव पडले आणि फेरआकारणीत सारा वाढला. 12 मे 1875 ला सुप्यात लोकांनी सावकारांची खतं जाळली ती यामुळे. त्यानंतर शेतकऱ्यांच्या दिलाशासाठी केलेल्या 1879 च्या कायद्यानं कोर्टाला खतामागचा व्यवहार मुळापासून तपासायची मुभा मिळाली, म्हणून जुना निकाल घरात असेल तर रद्दीत घालू नका.

हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) त्यानंतरचे. ते वाचताना ‘मुदत खरेदी’ (मुदतीत पैसे फेडले तर जमीन परत, अशी विक्री), ‘गहाण’, ‘दरखास्त’ (कोर्टाच्या हुकुमाची बजावणी), ‘लिलाव’ या शब्दांखाली पेन्सिलीनं खूण करा, अर्थात झेरॉक्सवर. नुसता मालकाचा रकाना पाहू नका. मालक म्हणून सावकार चढलेला असला तरी कुळाच्या रकान्यात बहुधा जुनंच आडनाव राहतं. तसं दिसलं तर 1 एप्रिल 1957 नंतरच्या ‘32 ग’च्या (कूळकायद्यानं कुळाला जमीन विकत देण्याच्या) नोंदी जरूर काढा. त्याच आडनावानं ती जमीन परत विकत घेतली का, ते तिथे कळतं.