डिस्क्रीट मॅथ्सची गणितं सोडवताना या चुका टाळा

बारावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलाच धडा तर्कशास्त्राचा असतो. ट्रुथ टेबल (वाक्य कधी खरं, कधी खोटं याची सारणी) भरायचं आणि हुकमी मार्क घ्यायचे, एवढीच त्याची ओळख घेऊन मुलं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला येतात आणि डिस्क्रीटमध्ये, म्हणजे तर्क, संच आणि मोजणीच्या गणितात, अडकतात. इथं अर्धं गणित वाक्यात असतं. ते वाक्य घाईत वाचलं की पुढची चिन्हं कितीही सुबक मांडा, उत्तर चुकतंच. वह्या तपासताना त्याच त्या चुका दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

‘आणि’चा नकार ‘आणि’नेच करणं. ‘चहा गरम आहे आणि गोड आहे’ हे खोटं कधी? गरम नसेल किंवा गोड नसेल तेव्हा. हा डी मॉर्गनचा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण वापरायची वेळ आली की आठवत नाही. एका मिनी-प्रोजेक्टच्या वेळी दोन मुली ग्रंथालयाचा प्रोग्राम घेऊन आल्या. ‘पुस्तक परत करायचं? हो असेल तर १, नाही तर २ दाबा.’ १ दाबलं, ‘चुकीचं उत्तर’. २ दाबलं, तरी ‘चुकीचं उत्तर’. आदली रात्र त्यांनी इनपुटची ओळ बदलण्यात आणि कंपायलर पुन्हा टाकण्यात घालवली होती. मी अट मोठ्यानं वाचायला सांगितली: उत्तर १ नाही किंवा उत्तर २ नाही, तर चूक दाखव. १ दाबलं तर ते २ नसतं, २ दाबलं तर ते १ नसतं. म्हणजे काहीही दाबा, अट खरीच. ‘१ किंवा २’चा नकार ‘१ नाही आणि २ नाही’ असा होतो. ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ घातलं आणि प्रोग्राम चालला. त्याच आठवड्यातल्या चाचणीत दोघींनी हा नियम सारणीसकट बरोबर लिहिला होता!

माझी सवय सांगते. नकार लिहिण्याआधी मी स्वतःला विचारते, ‘हे वाक्य नेमकं कधी खोटं पडेल?’ त्याचं उत्तर साध्या मराठीत लिहिते आणि मगच चिन्हांकडे वळते. ‘वर्गातले सगळे पास झाले’ हे खोटं पडायला एक नापास पुरतो. तरीही निम्म्या वह्यांत ‘कोणीच पास झालं नाही’ असं लिहिलेलं असतं.

जर-तरचा नकार पुन्हा जर-तरनेच करणं. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ याचा नकार ‘पाऊस पडला तर सामना होईल’ असा नाही. नकार आहे ‘पाऊस पडला आणि तरीही सामना झाला’. पाऊस पडलाच नाही तर मूळ वाक्य खोटं ठरत नाही. सामना होवो अथवा न होवो. ‘पाऊसच नाही तर वाक्य खरं कसं?’ हा प्रश्न दरवर्षी येतो आणि यायलाच हवा. जो हा प्रश्न न विचारता सारणी पाठ करतो त्याची मला जास्त काळजी वाटते.

जर-तर उलटं वाचण्याची खोड तर फार खोलवर असते. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात यावर चार पत्त्यांचं कोडं काढलं. ते मी वर्गात असं घालते: प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. समोर दिसतात अ, क, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम मोडला आहे का हे पाहायला कोणते पत्ते उलटावेत? बहुतेक हात ‘अ आणि ४’ म्हणून वर जातात. पण ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही. उलटायला हवा ७, कारण त्याच्या मागे स्वर निघाला तर नियम गेला.

‘किमान एक’ दिसलं की आधी एक निवडून ठेवणं. ५ पुरुष आणि ४ स्त्रियांमधून तिघांची समिती करायची, किमान एक स्त्री हवी. मुलं एक स्त्री ४ प्रकारे निवडतात, उरलेल्या ८ जणांतून दोघं २८ प्रकारे निवडतात आणि ११२ लिहून मोकळी होतात. एका वर्षी बाजारातल्या एका गाइडच्या मागे हेच उत्तर छापलेलं होतं आणि अख्खा वर्ग ११२ वर ठाम होता. मी एवढंच विचारलं, ‘कसलीही अट न घालता ९ जणांतून तिघांच्या समित्या किती होतात?’ उत्तर आलं ८४. अट घातल्यावर समित्या वाढल्या कशा? वर्गात शांतता पसरली, मग एकेक जण वही उघडू लागला.

घोळ मोजणीतच आहे. सुनीता, रेखा आणि महेश ही समिती दोनदा मोजली गेली: एकदा सुनीता आधी निवडून, एकदा रेखा आधी निवडून. तिन्ही स्त्रिया असलेली समिती तर तीनदा. ८४ मधून फक्त पुरुषांच्या १० समित्या वजा करा, उत्तर ७४. मी इथंही थांबत नाही. एक स्त्री असलेल्या ४०, दोन असलेल्या ३०, तीन असलेल्या ४, अशी बेरीज करून पाहते. दोन वाटांनी तेच उत्तर आलं तरच वही मिटते. गाइडचं उत्तर जुळवून पुढे पळणाऱ्यांना ही दोन मिनिटं जड वाटतात. ‘दहा सेकंदांत ओळखा, परम्यूटेशन की कॉम्बिनेशन’ छाप व्हिडिओंनी ही अधीरता वाढवली आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

‘महाराष्ट्र’ची इंग्रजी अक्षरं मांडायला सांगितली की ११ फॅक्टोरियल (११ पासून १ पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार) लिहून थांबू नका. ए चारदा, एच दोनदा, आर दोनदा येतो. ४, २ आणि २ यांच्या फॅक्टोरियलनी भागल्यावर उरतात ४,१५,८००.

रिकामा संच आणि रिकामा संच ज्याचा घटक आहे तो संच, हे दोन वेगळे. पहिल्यात शून्य घटक, दुसऱ्यात एक.

‘अँटिसिमेट्रिक’ म्हणजे ‘सिमेट्रिक नसलेलं’ नव्हे. सिमेट्रिक नात्यात एकाचं दुसऱ्याशी नातं असेल तर दुसऱ्याचं पहिल्याशी असतंच; अँटिसिमेट्रिकमध्ये दोन वेगळ्या घटकांत असं दोन्हीकडून नातं कधीच नसतं. ‘समान आहे’ (=) हे नातं दोन्ही आहे.

इंडक्शनमध्ये (पहिल्या किमतीसाठी आणि मग एका किमतीवरून पुढच्या किमतीसाठी सिद्ध करण्याच्या पद्धतीत) जे सिद्ध करायचं तेच पहिल्या ओळीत धरून शेवटी ‘० = ०’ लिहू नका. त्याला मी मार्क देत नाही.

आणि पहिल्या पाच-सहा किमती तपासून ‘म्हणून हे नेहमी खरं’ असं कोणी लिहिलं की मी गणितज्ञ ऑयलरचं उदाहरण फळ्यावर काढते. कोणतीही पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवा. शून्यापासून सुरुवात केली तर ४१, ४३, ४७, ५३, सगळ्या मूळ संख्या येतात. ३९ पर्यंत एकही अपवाद निघत नाही. ४० घातलं की उत्तर येतं १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१.